शेवटच्या घरचा प्रश्न

नकाशा समोर आला की ताई पेन्सिल उलटी धरत आणि तिचे बोथट टोक पाइपच्या शेवटावर टेकवत. "शेवटच्या घरी काय?" एवढेच विचारत. गॅस जिथून निघतो तिथून आम्ही गणित सुरू करायचो. तो जिथे संपतो तिथून त्या.

अंधेरीतल्या त्या कार्यालयात घरगुती गॅसच्या पाइपांचे आराखडे होत. भौतिकशास्त्र शिकवणे सोडून सेहेचाळिसाव्या वर्षी मी तिथे रुजू झालो. माझ्याकडे दोन पदव्या, ताईंकडे डिप्लोमा. तरी अडलेला प्रत्येक जण त्यांच्याच टेबलाकडे वळे.

"ताई, वाट लागली, बघ ना जरा!"

"आण इकडे. रडू नको."

माझ्या टेबलाशी कोणी थांबलेच, तर एसी कमी करू का, हे विचारायला. हेवा तुम्हीही केला असेल. माझा मात्र रोज माझ्याआधी कार्यालयात हजर असे.

मालाडच्या एका वसाहतीचा आराखडा हे माझे पहिले स्वतंत्र काम. ते पसंत पडले तरच नोकरी कायम होणार होती. ताईंना न दाखवता मी ते थेट बैठकीत मांडले.

"सर," ताई म्हणाल्या, "तुम्ही शिकवलंय, मला जरा समजावा ना. दाब उतरला की गॅस फुगतो, ना?"

"हो."

"मग शेवटच्या घराकडे तो जास्त जोरात धावणार?"

मी माझे आकडे पुन्हा पाहिले. सगळा वेग मी सुरुवातीच्याच दाबावर काढला होता. शेवटच्या तुकड्यात तो सुरक्षित मर्यादा ओलांडत होता.

"तिथे पाइप... एक माप मोठा घ्यावा लागेल," मी पुटपुटलो.

"भर बैठकीत स्वतःची चूक पकडली! झकास!" साहेब म्हणाले. मी कायम झालो.

बाहेर आल्यावर आभार मानू लागलो, तर ताईंनी डबा पुढे केला. "मी नुसतं विचारलं हो. घावणे घ्या."

त्या क्षणी हेवा विरायला हवा होता. तो वाढला. इतकी वर्षे शिकवूनही चुकणाऱ्याला इतक्या अलगद मी एकदाही सावरले नव्हते.

ताई निवृत्त होऊन मालवणला गेल्या. त्यांच्या टेबलावर आता प्रिंटर आहे. नवी मंडळी आराखडे घेऊन माझ्याकडे येतात. मी पेन्सिल उलटी धरतो आणि विचारतो, "शेवटच्या घरी काय?"

"सर, कसलं भारी सुचतं तुम्हाला!"

प्रश्न कोणाचा, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. तुम्हाला सांगितले, तेही ताईंचे नाव न घेता.