बाळापाशी कोण बसणार?

आमच्या सासूबाईंनी महाराष्ट्रातले निम्मेअर्धे गड पाहिलेत, पण खालून. सासरे शाळामास्तर, गडांचं भयंकर वेड. सुट्टी लागली की सगळं लटांबर घेऊन निघायचे आणि पायथ्याशी एखादं झाड बघून सासूबाईंना डब्यांपिशव्यांसकट तिथे बसवायचे. "तुम्ही या जाऊन, मी बसते सामानापाशी," असं त्या इतक्या सहज म्हणायच्या, की ह्यांना डोंगर आवडतच नाहीत असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

सासरे गेल्यानंतर त्या आमच्याकडे टेक्सासमध्ये, प्लेनोला आल्या. धाकटा तेव्हा नुकता रांगायला लागला होता आणि सात वर्षांच्या मोठीला राजकन्यांनी झपाटलं होतं. तिने कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एका प्रसिद्ध किल्ल्याचं चित्र फ्रीजवर चिकटवलं. निमुळते मनोरे, लाल कौलं, मागे डोंगरच डोंगर. कुणा श्रीमंताने म्हणे बायकोसाठी बांधला. लेक दोन दिवसांत ते विसरली. सासूबाई मात्र रोज चहाचा कप घेऊन त्या चित्रासमोर उभ्या. "आतून कसा असेल गं?" हे मला विचारायच्या, मुलाला नाही. म्हणून मीच हट्टाने ट्रिप ठरवली.

तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, डायपरचा ढीग, नेटवरून प्रिंट काढलेले रस्त्याचे कागद. टेक्सास काही केल्या संपेना. दुसऱ्या दिवशी कसेबसे पोचलो, तर त्या दिवसाची शेवटची टूर निघायच्या बेतात होती. तिकीटवाली म्हणाली, वर अरुंद गोल जिने आहेत, स्ट्रोलर नेता येणार नाही. आणि बाळ तर रस्ताभर भोकाड पसरून आत्ता कुठे झोपलेलं!

कोणी काही बोलायच्या आत सासूबाई बाकावर टेकल्यासुद्धा. "तुम्ही या जाऊन. मी बसते."

"चला," नवरा म्हणाला. "आईला नाहीतरी ह्यात इंटरेस्ट नाही."

माझं डोकंच फिरलं. "तुला काय माहीत? कधी विचारलंयस?"

"अगं, तिचे गुडघे..."

"सांगलीच्या घरी भाजीच्या पिशव्या घेऊन तीन जिने चढतात, तेव्हा कुठे जातात गुडघे?"

"यार, इथे सीन नको करूस."

"करणार!"

सासूबाई अगदी कानकोंड्या झाल्या. "असू दे गं. तुझं वय आहे बघायचं."

"आई, उठा म्हणते ना! बाळापाशी बाळाची आई बसेल."

"आजी, कम ऑन, वी आर लेट!" लेकीने त्यांचा हात धरून ओढलं. साडीवर स्वेटर, पायात माझे जुने स्नीकर्स, अशा त्या निघाल्या. वळणावर एकदा मागे बघितलं आणि मग झपाझप चालू लागल्या.

मी बसले. खरं सांगू? मलाही बघायचा होता तो किल्ला. एवढा प्रवास करून मी काय पार्किंग बघायला आले होते? झाडांमागून एका मनोऱ्याचं टोक तेवढं दिसत होतं. आणि आमचे चिरंजीव आता अगदी शहाण्यासारखे घोरत होते. फार चिडचिड झाली माझी.

तासाभराने मंडळी उतरली. नवरा मनाने चांगला आहे. माझा चेहरा बघून म्हणाला, "काही विशेष नाही गं. जुनं फर्निचर नि दगडी भिंती. तू काही मिस केलं नाहीस."

"खोटं बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. थंडीने त्यांचे गाल लाल झाले होते. "तुझे बाबाही खाली येऊन मला हेच सांगायचे. वर काही नाही, नुसते दगडधोंडे. मी आपली खरं मानत आले." मग माझा हात धरून म्हणाल्या, "फार सुंदर आहे गं. वरच्या गच्चीतून पलीकडची अख्खी दरी दिसते. मला तर खाली यावंसंच वाटेना."

त्यांचे डोळे भरले आणि माझेही. नवरा उगाच बाळाचं पांघरूण सारखं करत राहिला.

"उद्या सकाळी लवकर निघायला हवं," तो पुटपुटला. "सोमवारी ऑफिस आहे."

"उद्या सकाळी इथेच यायचं," सासूबाई म्हणाल्या. "हिला वर घेऊन जायचंय मला. बाळापाशी तू बसायचंस."