एलेनीने सांगितलं होतं

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक विचारतात, इथल्या आर्मीत लढाई कसली असते? मी वणव्याचं सांगतो. पूर्ण कधी सांगत नाही.

एका वर्षी जुलैत आमच्या तुकडीला उत्तर ओंटारिओत वणव्यावर पाठवलं. मी सार्जंट होतो, हाताखाली नऊ जण. आग पुढे सरकली की मागे धुमसणारी मुळं खणायची, पाणी मारायचं, पुन्हा खणायचं. सकाळी साडेपाचला ब्रीफिंग, सहाला ट्रक.

ब्रीफिंगला नकाशापाशी कॉर्पोरल एलेनी उभी असायची. स्कारबरोची, आईवडील ग्रीक. कमांड पोस्टचा रेडिओ तिच्याकडे. वारा कधी फिरणार हे ती इतकं अचूक सांगायची, की मेजर आमच्या लेफ्टनंटच्याही आधी तिला विचारत. एका कॉर्पोरलला. आम्हाला ते खुपायचं. तिच्या मागे आम्ही तिला ‘मेजरबाई’ म्हणायचो. नाव मीच पाडलं होतं.

एका संध्याकाळी जेवताना तिने ते ऐकलं. हातातला ट्रे खाली ठेवला.

"अथेन्समध्ये एक बाई होती," ती म्हणाली. "परक्या गावची, म्हणून नागरिक नाही. लोक तिला गणिका म्हणत. शहराचा सगळ्यात मोठा नेता तिच्याबरोबर राहायचा, तिचा सल्ला घ्यायचा. विद्वान तिचं बोलणं ऐकायला यायचे. रणात पडलेल्यांसाठी त्याने केलेलं भाषण तिनेच रचलं, असंही म्हणत. मग युद्ध पेटलं. खापर कोणावर फोडलं असेल?"

"मेजरबाई वर कशी चढली ते कळलं," मी म्हणालो.

सगळे हसले. कॉर्पोरल ओवेन हसला नाही. विंडसरचा, माझा जुना दोस्त, दोन मुलींचा बाप.

"पुरे, सार्ज," तो म्हणाला.

त्या बाईचं नाव एलेनीने सांगितलं होतं. मी लक्षात ठेवलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, रेडिओवर एलेनी. टू-वन म्हणजे आमची तुकडी.

"टू-वन, वारा फिरतोय. पूर्वेची लाइन सोडा. ताबडतोब नदीकडे या."

समोर धूर सरळ वर जात होता.

"मेजरची ऑर्डर आहे?"

"मेजर हेलिकॉप्टरमध्ये आहेत, लागत नाहीत. मी सांगतेय, निघा."

"ऑफिसरकडून कन्फर्म कर. तोवर थांबतो."

तिने आणखी दोनदा सांगितलं. मी उत्तर दिलं नाही.

दोन एकवीसला धूर आडवा झाला आणि आमच्यावर आला. आम्ही धावलो. ओवेन सगळ्यांत मागे, माणसं मोजत येत होता. मुळाशी जळालेला एक पाइन त्याच्यावर पडला. आम्ही त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो गेलेला होता.

चौकशीत मी लिहून दिलं, मेसेज अस्पष्ट होता. बाकीच्यांनी माझ्याकडे पाहून तेच सांगितलं. रेकॉर्डिंग नव्हतं. मेजरने डोक्यावर चढवून ठेवलेली पोर, असा बोभाटा झाला. मेजरही गप्प राहिले. हिवाळ्याआधी एलेनीने आर्मी सोडली. मला बढती मिळाली.

आता मी निवृत्त आहे. दर नोव्हेंबरला, सैनिकांच्या स्मृतिदिनी, गाडी घेऊन विंडसरला जातो. ओवेनची बायको लॉरा कबरीपाशी मला शेजारी उभं करते. मुली आता उंच झाल्यात. ओवेन चौतीस वर्षांचा होता.

गेल्या वर्षी लॉराने विचारलं, "त्या बाईने रेडिओवर नीट सांगितलं असतं, तर तो वाचला असता ना?"

मी म्हणालो, "हो."