बुधीबाईकडे राहिलेला आवणीचा दिवस

२०१४ साली सावेबाई आमच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून आल्या, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना दीड वर्ष दिलं होतं. आमच्याकडे त्याहून जास्त कुणी टिकत नसे. शाळा तलासरीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. पाड्याचं नाव सांगत नाही, उगाच कुणीतरी चौकशी लावायचं. चार वर्ग आणि तीन शिक्षक: बाई, वाणगावहून येणाऱ्या नूतन मॅडम आणि सरावलीहून मोटारसायकलवर येणारा मी, देवेश चुरी. साडेदहाच्या शाळेला मी अकराला पोचायचो आणि चारलाच हेल्मेट काखेत मारून उभा असायचो. दरवर्षी नवा मास्तर, म्हणून चौथीतली पोरंसुद्धा अडखळत वाचायची. दोष अर्थातच पोरांचा, असं माझं मत होतं.

बाई बुटक्या, आवाज खणखणीत. रागवायला त्यांना कारण लागत नसे, ऐकणारा लागे. तो बहुतेक वेळा मीच असे. "चुरी सर, नोकरीला येता की पाहुणे म्हणून?" हे भर वर्गासमोर. पण या बाईला मनापासून एकच गोष्ट हवी होती. पहिलीत ज्याने पोराचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवलं, त्यानेच ते पोर चौथी पास झालेलं बघायचं. त्यासाठी आम्ही दोघं टिकायला हवे होतो, आणि आम्ही दोघंही टिकाऊ माल नव्हतो.

एकदा तालुक्याला संघबांधणीचं प्रशिक्षण झालं. सगळ्यांना गोल उभं करून लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. शेवटी साहेब म्हणाले, आपण सगळे असे जोडलेले आहोत. बाईंनी तो गुंडा पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणावरचं कारलं त्या लोकरीने बांधलं. प्रशिक्षणाचा उपयोग तेवढाच झाला.

२०१५च्या जुलैत भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली आणि शाळेत सात टाळकी उरली. बाकीची आईबापांबरोबर चिखलात. आमचा पोषण आहार शिजवणारी बुधीबाई, तिचं शेत शाळेच्या खालच्या अंगालाच होतं. बाई म्हणाल्या, "रविवारी सगळ्यांनी बुधीबाईकडे आवणीला जायचं." मी म्हटलं, रविवारी सुट्टी असते. त्या म्हणाल्या, "म्हणून तर रविवार."

बाईंचा हात मशीनसारखा चालत होता. नूतन मॅडमही बऱ्या होत्या. मी मात्र पहिल्या दहा मिनिटांत चिखलात धपकन बसलो, आणि माझे सगळे गैरहजर विद्यार्थी ते बघायला हजर होते. फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, बारा अंगठे आले. समाजसेवा झाली, विषय संपला, असं मी धरून चाललो.

पुढच्या रविवारी सकाळी सातला तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हलवून उठवलं. "अरे, अंगणात पाच माणसं उभी आहेत. कोयते घेऊन. शाळेत काय करून ठेवलंस तू?"

बुधीबाई आणि तिच्या घरचे चौघं होते. "गुरजी, आवणी कठं हाय तुमची?" तिने विचारलं.

पाड्यावरची रीत अशी, की तू माझ्या शेतात एक दिवस राबलास तर मी तुझ्या शेतात येऊन तो दिवस फेडणार. आमच्याकडे भात नव्हतंच, चिकूची वाडी होती. त्या पाच जणांनी दिवसभर वाडीतलं गवत काढलं. डोंगराकडच्या माणसांसाठी आमच्या घरात वेगळे कप होते, हे सांगताना मला आजही लाज वाटते. त्या दुपारी मात्र तात्या त्यांच्याच पंगतीला बसले. संध्याकाळी म्हणाले, "तू एकटा गेलास, आले पाच. चार दिवस आपल्यावर चढले. आता जाणं भाग आहे."

सोमवारी बाई गालातल्या गालात हसत होत्या. कैनाडला भातशेतीत वाढलेली बाई ती, ही रीत तिला तोंडपाठ होती. आम्हाला तिने पद्धतशीर अडकवलं होतं.

मग दर जुलैला आम्ही पाड्यावर, आणि पाडा कधी आमच्या वाडीत, कधी नूतन मॅडमच्या भाजीच्या मळ्यात. ज्यांच्या घरी बोंबील-भाकर खाल्ली, त्यांच्या पोरांसमोर चारला हेल्मेट काखेत मारता येईना. शाळेची कौलं उडाली तर अर्ज न करता माणसं छपरावर चढायची. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जायचे, पोरांना मात्र आजीकडे ठेवून. पोरं घडाघडा वाचायला लागली. हे माझ्यामुळेही होतंय, हे कळल्यावर मला भलतंच बरं वाटलं.

२०१७ला आम्ही बुधीबाईकडे आवणी केली, पण ती फेडायला आलीच नाही. म्हणाली, गुडघा दुखतो. तात्या बिचारे वाडीतलं गवत राखून बसले होते.

२०१८च्या उन्हाळ्यात बदल्यांचे ऑनलाइन फॉर्म निघाले. अवघड क्षेत्रात काढलेल्या वर्षांमुळे नूतन मॅडमना आणि मला हवी ती शाळा मागता येत होती. मला घरापासून चालत दहा मिनिटांवरची शाळा दिसत होती. बाई म्हणाल्या, "खुशाल भरा. मी काय तुमची सासू आहे?" पण त्या दिवशी त्या कुणावरही रागावल्या नाहीत, तेव्हाच मला कसंतरी झालं.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी कुणाला न सांगता मी डहाणू रोडच्या सायबर कॅफेत गेलो. शेजारच्या खुर्चीवर नूतन मॅडम. दोघंही चोरासारखे. मग त्या म्हणाल्या, "बुधीबाईकडे माझा दिवस बाकी आहे." मी म्हटलं, "माझाही." एका दिवसासाठी कुणी बदली सोडत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण आम्हाला निमित्त हवं होतं. फॉर्म न भरताच आम्ही उठलो आणि समोर वडापाव खाल्ला.

३१ मे २०१९ला बाई निवृत्त झाल्या. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, रविवारी, बुधीबाई कोयता घेऊन आमच्या अंगणात हजर.

"बाई गेली घरी. आता तिचं नाय ऐकत मी. दिस फेडूं दे."

"बाईंचं काय ऐकत होतीस?"

"तिनंच सांगितलं व्हतं, ह्या दोघांचा दिस फेडू नको. फेडलास तं जातील. दोन वर्सं पाड्यातली माणसां मला हसतात, फुकट राबवून घेतलं म्हणून."

मी पायरीवर बसलो. डोळे भरून आले, आणि बाईंचा मनस्वी रागही आला. तात्या तोवर कुठलं गवत आधी काढायचं ते दाखवायला लागले होते.

मी बुधीबाईच्या हातातून कोयता घेतला. म्हटलं, "चहा पी आणि जा. दिवस राहू दे."

तिने मला आणि बाईंना एकाच दमात शिवी घातली. तात्यांनीही एक घातली. चहा झाल्यावर मी तिला गाडीवर बसवून पाड्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी पहिलीला सहा नवी पोरं आली. म्हणजे आणखी चार वर्षं.