हितेंद्रची सव्वा मूठ

अक्काला शांती मिळाली, असं पिंप्राळ्यात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. मी तिची जाऊ, एका भिंतीपलीकडे राहते. मला विचारा.

हेमलता अक्का माझी मोठी जाऊ. तीस वर्षं अंगणवाडी सांभाळली, दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसली. एकुलता एक हितेंद्र पुण्याला नोकरीला लागला तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मनाने साफ बाई, पण जीभ तिखट.

माझे जेठ, म्हणजे अक्काचे यजमान, वारले. गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फेडायच्या दिवशी, सून मोहिनी सकाळी आली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. अक्काला ते सललं. घरात पाहुणे, मला हाक मारून बोलायची सोय नाही. टाइप करणं जमत नाही, म्हणून तिने मोरीत जाऊन माझ्यासाठी फोनवर आवाज भरला. 'कुंदा, मना आंडोर बायकोना गडी व्हयी गया. सासरा मरना, तिना डोयामा पानी नही.' आंडोर म्हणजे आमच्या बोलीत मुलगा. तो निरोप माझ्याकडे न येता भाऊबंदांच्या ग्रुपवर पडला. साठ माणसं, त्यात मोहिनीसुद्धा.

खोटं कशाला बोलू? टाकलेलं पुसायचं कसं, हे मला येत होतं. पण मी आधी ते दोनदा ऐकलं. हसले. मग चप्पल शोधली आणि तिच्याकडे गेले. तोवर मोहिनीने गाडीत बसून ऐकलं होतं, तिचा हितेंद्रला फोनही झाला होता. तो ओसरीवरच होता. बॅग भरून निघून गेला. ग्रुप सोडला, आईचा नंबर ब्लॉक केला. याला तीन वर्षं झाली.

माझा नंबर मात्र त्याने ठेवला. तेव्हापासून अक्का रोज सकाळी सातला माझ्या दारात. 'दाखव.' मी आठशिवाय न उठणारी बाई, डोळे चोळत फोन द्यायची. हितेंद्रच्या स्टेटसवर नातीचा फोटो असायचा. कधी गणवेशात, कधी पुढचे दात पडलेली. अक्का तो मोठा करून करून बघायची. मागचे पडदे, ताटात काय वाढलंय, पोरगी वाळली का. मग दिवसभर तेच. जेवण जायचं नाही, झोप नाही. एकदा दोन दिवस फोटो आला नाही तर तिला ताप भरला. मी वैतागले. 'अक्का, तुम्हाला या फोनचं व्यसन लागलंय,' म्हटलं. हेही मीच म्हटलं.

यंदा आषाढात ती यायची थांबली. स्वतःचा फोन बंद करून डाळीच्या डब्यात ठेवला. सकाळी महादेवाचं मंदिर झाडायचं, मग तिथेच माळ घेऊन तासभर बसायचं, असं सुरू केलं. पोटभर जेवू लागली, झोपू लागली. मन कसं शांत केलं हे विचारायला बायका तिच्याकडे येऊ लागल्या. मला हेवा वाटला, आणि सकाळची कटकट गेली म्हणून बरंही वाटलं.

मग श्रावणात कानबाईचे रोट आले, म्हणजे आमच्या खानदेशी देवीच्या नैवेद्याच्या पोळ्या. कानबाई बसायच्या आधी आमच्याकडे सगळे भाऊबंद जमून रोटाचे गहू मोजतात, कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. माणूस कुठेही असो, बोलत असो नसो, त्याची मूठ पडते. मेलेल्याची तेवढी पडत नाही. भांडण झाल्यापासून हितेंद्रची मूठ अक्काच टाकायची, चांगली दाबून भरलेली. यंदा तिने हात पुढे केला नाही. माझ्या नवऱ्याने आठवण करून दिली, 'वहिनी, हितूनी मूठ राह्यनी.'

'राहू द्या,' अक्का म्हणाली. 'फोन डब्बामा गया त्या रोज मी त्यानी गंधमुक्ती करी टाकी. म्हनीसन माले झोप लागस.'

गहू तसेच दळायला गेले. तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मी भांडले तरी असते.

कानबाईच्या दिवशी सकाळी हितेंद्रचा मेसेज आला. तीन वर्षांतला पहिला. 'काकू, आई बरी आहे ना? रोज सातला स्टेटसवर तुमचं नाव दिसायचं. महिना झाला, दिसत नाही.'

मी पलंगावर बसूनच राहिले. काकू आठला उठते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. पोरीचा फोटो रोज बरोबर पावणेसातला का पडतो, हे माझ्या मठ्ठ डोक्यात कधी आलंच नव्हतं.

या वेळी चप्पलही शोधली नाही. तशीच मंदिरात गेले. 'अक्का, हितूचा मेसेज आलाय. फोटो तो तुमच्यासाठीच...' तिने झाडू टाकून दोन्ही कान घट्ट दाबले, डोळे मिटले. 'नको, कुंदा. परत सातनी वाट पाहाले लावू नको माले. मी मरी जासू.' मी बोलत राहिले, ती मान हलवत राहिली. शेवटी मीच परत फिरले.

घरी येऊन त्याला काय लिहू? तुझी मूठ पडली नाही, हे लिहू? चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. मग लिहिलं, 'बरी आहे. आता शांत आहे.' खोटं नव्हतं ते. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'मग बरं. आता तिला त्रास नको.'

त्या दिवसापासून नातीचा फोटो येत नाही. अक्का पहाटे उठते, मंदिर झाडते, माळ ओढते, दोन वेळ जेवते. मला आता सहालाच जाग येते. सात वाजून जाईपर्यंत मी फोन उघडून बसलेली असते.