आळीतली एकच केबल

कुसुम मुळ्ये रागावल्या की आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी झाली, तिथे हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकताना लागलेली ती सवय. रत्नागिरीच्या झाडगावातल्या त्यांच्या आळीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. कुसुमकाकू हळू बोलायला लागल्या की समोरचा चपला शोधायचा. आणि २००२ची दिवाळी झाल्यापासून त्या हळूच बोलत होत्या.

कारण होतं केबलचं. ऐकणाऱ्याला वाटेल, टीव्हीपायी एवढा संताप? पण त्यांच्या घरात टीव्ही करमणुकीसाठी नव्हता. त्यांचे यजमान श्यामराव बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तरुणपणी ते गावच्या क्लबाचे विकेटकीपर होते. खुर्चीत बसवून कुठलीतरी मॅच लावून दिली की ते माणसात यायचे. कीपरच्या हातून झेल सुटला की डावा हात खुर्चीवर आपटायचे आणि बायकोकडे बघायचे. नवराबायकोचं बोलणं म्हणून जे काही उरलं होतं, ते एवढंच.

आळीत केबल पहिल्यांदा आणली ती आळीतल्याच विनीत भाटकरनं. त्यानं स्वतःच्या स्लॅबवर छत्री बसवली आणि माडामाडांवरून वायरी ओढल्या. पडद्यावर मुंग्या आल्या की पोरगा भर पावसात माडावर चढायचा. श्यामरावांना डाव्या हातानं जमेल असा मोठ्या बटणांचा रिमोट त्यानं कोल्हापूरहून शोधून आणला होता.

मग या धंद्यात काशीराम शिर्के उतरला. गाडीतळाजवळ त्याचं ऑफिस, चार मोटरसायकली, आणि दर विनीतच्या निम्मा. कोर्टातून निवृत्त झालेले आप्पा सावंत सगळ्यांच्या आधी त्याच्याकडे गेले. "चित्रं तीच, पैसे निम्मे. बिघडलं कुठे?" असं म्हणत ते घरोघर फिरले. कुसुमकाकू तेवढ्या विनीतकडेच राहिल्या. पण विनीतच्या वायरी सकाळी उठून बघावं तर कापलेल्या असायच्या. बूस्टर चोरीला जायचा. पोलिसांत तक्रार घेऊन गेला तर तुमचं तुम्ही मिटवा म्हणाले. वर्षभरात त्यानं हात टेकले. छत्री, वायरी, गिऱ्हाइकं, सगळं शिर्क्याला विकलं आणि त्याचाच वसुलीचा माणूस होऊन त्याच्याच मोटरसायकलवरून दारात आला.

त्यानंतर निम्मा दर पुरा झाला. दिवाळीला दुप्पट झाला. पुढच्या पावसाळ्यात आणखी वाढला, आणि खेळाचे चॅनल वेगळे पैसे भरल्याशिवाय दिसेनात.

"वरून वाढलंय, काकू," विनीत पावती फाडत म्हणाला.

"वरून म्हणजे कुठून?"

"मुंबईहून. कंपन्यांनीच वाढवलंय."

काकूंनी मुंबईला मुलीला, मनस्विनीला फोन लावला. तिच्या बिल्डिंगला दोन केबलवाले होते आणि ती याहून बरेच कमी भरत होती. एकदम आकाशातून घेणारी डिश नवी निघाल्याचं ती म्हणाली, पण ती महाग होती, आणि बाबांचं खेळाचं चॅनल तिच्यावर दिसत नव्हतं.

काकू गाडीतळावर गेल्या. शिर्क्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. काकूंनी चहाला हात लावला नाही.

"मुंबईला कमी आणि रत्नागिरीत जास्त, हे कुठल्या वरून आलं?"

"काकू, परवडत नसेल तर दुसरीकडून घ्या ना."

"दुसरा तुम्ही ठेवलात कुठे?"

"तेच म्हणतोय मी," शिर्के म्हणाला, आणि हसला.

ते हसणं घेऊन काकू घरी आल्या. संध्याकाळी त्यांनी अख्खी आळी ओटीवर बोलावली. सगळ्यांनी मिळून केबल बंद केली तर शिर्के खाली येईल, असं ठरलं. ठासून बोलले ते आप्पाच. "मरेपर्यंत दूरदर्शन बघू, पण याला पैसा देणार नाही."

शिर्क्यानं वाद घातला नाही. आळीची लाइन काढून टाकली आणि गप्प बसला.

आठवडाभर आळीनं गप्पा मारल्या. मग नम्रता, आप्पा सावंतांची सून, डोळ्यांना पदर लावून आली. सासूबाई मालिकेवाचून जेवत नाहीत म्हणाली. आप्पांनी परसातून वायर घेतली, म्हणजे रस्त्यावरून दिसू नये. मागोमाग एकेक घर गेलं. काहींनी काकूंना तोंड दाखवायचं सोडलं, काहींनी उलट, काकूंच्या नादानं आमचा महिना फुकट गेला, असं म्हणायला सुरुवात केली. काकू बधल्या नाहीत. सगळे नाचले म्हणून आपण का नाचायचं?

डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या टेस्ट सुरू झाल्या. श्यामरावांना तारखा बरोबर कळत. ते पहाटेच जागे झाले, खुर्चीत बसवा म्हणून खुणावलं आणि रिमोट घेतला. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. मुंग्याच मुंग्या. ते दाबत राहिले. काकू सांगत होत्या, अहो, केबल बंद केलीय आपण. पण त्यांनी रिमोट मांडीवर टाकला आणि डावा हात डोळ्यांसमोर धरून बोटं उघडमीट करून बघू लागले. आता हाही हात गेला असं त्यांना वाटलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

काकूंनी तो हात दोन्ही हातांत धरला. त्यांना त्या क्षणी शिर्क्याचा गळा धरावासा वाटत होता.

ऑफिस उघडायच्या आधी त्या गाडीतळावर जाऊन उभ्या राहिल्या. शिर्क्यानं नव्या कनेक्शनचे पैसे लावले, बंद होती त्या महिन्यांचेही लावले. वर म्हणाला, "आणि आळीत परत मिटिंगा नकोत, काकू."

"बरं," काकू म्हणाल्या. त्या एका शब्दानं त्यांची जीभ भाजली.

वायर जोडायला विनीत आला. मान वर न करता म्हणाला, "मागच्या महिन्यांचे मी भरतो."

"तू भरू नकोस. एवढंच सांग, तुझ्या वायरी कोण कापत होतं ते तुला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"आणि त्याच्याचकडे लागलास, मेल्या."

"मग कुठे लागू? मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर जाऊन आलो, तीन महिन्यांनी काढून टाकलं. इथे दुसरं आहे काय?"

तासापूर्वी काकूही बरं म्हणून आल्या होत्या. आतून श्यामरावांचा हात खुर्चीवर आपटल्याचा आवाज आला. झेल सुटला असावा.

श्यामराव आंब्याच्या दिवसांत गेले. तेरावं झालं, मनस्विनी मुंबईला परतली, आणि आळीत विनीत दिसला तेव्हा काकूंनी त्याला केबल काढायला सांगितली.

"महिना भरलेला आहे, काकू. अखेरपर्यंत दिसेल."

"काढ. आणि माझ्या माडावरचीही काढ."

विनीत चपापला. मागच्या पाच घरांची लाइन, आप्पांचीसुद्धा, त्याच माडावरून जात होती. काकूंना हे आधीही ठाऊक होतं. पण तेव्हा माडाला हात लावला असता तर शिर्क्यानं श्यामरावांची मॅच कायमची बंद केली असती. आता तो काय बंद करणार होता?

विनीतनं शिडी लावली आणि वायर तोडली. संध्याकाळी आप्पा तावातावानं आले. "कुसुमताई, हे शेजारधर्माला धरून नाही."

"शेजारधर्म ओटीवर ठरला होता, आप्पा. तुम्ही परसातून गेलात."

दुसऱ्या दिवशी शिर्के स्वतः आला. काकूंची लाइन जन्मभर फुकट ठेवायला तयार झाला. काकूंनी त्याला फाटकाबाहेर उभं ठेवलं आणि इतक्या हळू बोलल्या की त्याला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. माडावर कुणी चढलं तर पोलिसांत जाईन, एवढंच त्या म्हणत होत्या.

शिर्क्यानं रस्त्याकडेला दोन लोखंडी खांब रोवले. चार दिवसांत मागची घरं पुन्हा टीव्ही बघू लागली. पुढच्या महिन्यात दर वाढला. खांबांचा खर्च झाला, म्हणून विनीतनं सगळ्यांना सांगितलं.

आळीनं पैसे भरले आणि मुळ्येबाईंना नावं ठेवली. नळावर, वाण्याकडे, देवळात, जो तो त्यांच्या हट्टाबद्दल बोलत होता. शिर्क्याला कुणी चकार शब्दानं विचारलं नाही.