कोपरा कापलेलं जपानचं पाकीट

गेल्या रविवारी धुळ्यात माझी चांगलीच फजिती झाली... आणि झाली ते बरंच झालं.

मी जळगावच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. धुळ्याला देवपुरात अक्का राहतात, निवृत्त शिक्षिका. त्यांचे वडील, नाना, यांनी जन्मभर गावोगाव फिरून अहिराणी शब्द आणि गाणी गोळा केली. ते सगळे कागद अक्का आमच्या लायब्ररीला देणार आहेत, म्हणून महिनाभर दर रविवारी मी सकाळच्या एसटीने धुळं गाठतेय.

कागद म्हणजे काय... बिस्किटांचे पत्र्याचे डबे! आत लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेले शब्द, आणि कोणता शब्द कोणत्या गावच्या कोणत्या बाईने सांगितला त्याची नोंद. मी एकेक कागद काढायचा, एक्सेलमध्ये चढवायचा आणि मध्येच वाचत बसायचं. काम कमी, भोचकपणा जास्त.

सगळ्यात मजा आली जपानच्या पत्रांत. आपल्या भाषांचा अभ्यास करायला तिकडच्या एक बाई आल्या होत्या, दोन महिने याच घरात राहिल्या. परत गेल्यावर त्या वर्षानुवर्षं नानांना मराठीत पत्रं लिहीत होत्या.

आणि नाना ती पत्रं चक्क तपासायचे... लाल पेनाने! मग सगळ्या दुरुस्त्या उत्तरात लिहून कळवायचे. एकही चूक नसली तर खाली एकच शब्द, ‘बरोबर’. एवढ्या गठ्ठ्यात असा शेरा मला फक्त दोनदा सापडला.

पण हाच गठ्ठा द्यायला अक्का तयार नव्हत्या. एरवी त्या माझ्याशी छान शुद्ध मराठीत बोलतात, रागावल्या की थेट अहिराणी. “बाकीनं बठ्ठं लई जाय. तिन्हा पत्रं मी बंबमा घालसू!” म्हणजे बाकी सगळं ने, तिची पत्रं मात्र मी बंबात घालणार.

कारण असं, की नाना गेल्याचं अक्कांनी स्वतः बाईंना जपानला कळवलं होतं. त्यावर दोन ओळींचंही उत्तर आलं नाही. “आमना घरमा दोन महिना जेवनी ती...” एवढं बोलून अक्का उठून आत जायच्या. इतकी वर्षं झाली, पण तो राग अगदी ताजा होता. मी प्रत्येक रविवारी लाडीगोडी लावून बघितली, काही उपयोग झाला नाही.

रविवारी शेवटचा डबा उघडला. तळाशी एक बंद पाकीट उपडं पडलेलं. सवयीने मी आधी शेरा टाइप केला... ‘कोपरा उंदराने कुरतडलेला. पिवळा डाग.’ मग ते उलटं केलं, आणि जपानचा स्टॅम्प!

मी उड्या मारतच स्वयंपाकघरात गेले. “अक्का, आलं होतं हो पत्र! कोपरा तेवढा उंदराने खाल्लाय!”

अक्कांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. पाकिटाचा कोपरा बघितला... कडा अगदी सरळ, कात्रीने कापलेली. मग त्या पिवळ्या डागावर त्यांनी हळूच स्वतःचा अंगठा टेकवला. “हाऊ मन्हाच आंगठा शे,” त्या म्हणाल्या.

आमच्या पिढीला मयताची खबर व्हॉट्सॲपवर येते, त्यामुळे मला ही रीत ठाऊकच नव्हती. पूर्वी अशी खबर देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडून पाठवायचे. ते पत्र बाहेरच वाचायचं, वाचून फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. घरात कार्य असेल तर कार्य उरकेपर्यंत उघडायचंही नाही.

नाना गेले, म्हणून अक्कांच्या धाकट्या भावाचं लग्न वर्षाच्या आतच उरकायचं ठरलं होतं. ऐन हळदीच्या दिवशी पोस्टमन आला. अक्कांचे हात हळदीने माखलेले... कापलेला कोपरा दिसला तशी त्यांनी बाकी काही बघितलंच नाही. दारापुढच्या ओट्यावर नानांचे डबे होते, त्यातल्या एकात पाकीट कोंबलं. पुढे वरात, पाहुणे, सत्यनारायण... आणि ते डोक्यातून साफ गेलं.

आताही अक्का ते घरात उघडेनात. आम्ही दोघी ओट्यावर जाऊन बसलो. एकच पान होतं, गोल गोल अक्षरात. बाईंनी लिहिलं होतं, “नानांनी मला शिकवले होते की दुःखाच्या पत्राचा कोपरा काढतात, म्हणून मी कात्रीने नीट कापला आहे. आता माझ्या चुका कोण सुधारेल? अक्का, काही चुकले असेल तर लाल पेनाने लिहून कळवा.”

अक्का रडता रडता हसायला लागल्या. “अगं, सांत्वनाच्या पत्राचा कोपरा कापत नसतात गं...” बिचाऱ्या बाईंनी नको तिथे रीत पाळली, आणि इकडे अक्कांनीही आपली रीत पाळली. मला तर दोघींचीही दया आली.

मग अक्कांनी डोळे पुसले. “लाल पेन शे का तुनाजोडे?”

जुन्या कागदांजवळ पेन काढायचं नाही, फक्त पेन्सिल, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मी मुकाट्याने पर्समधून लाल पेन काढून दिलं.

अक्कांनी अख्खं पत्र पुन्हा वाचलं, ओळीवर बोट ठेवून, वही तपासावी तसं. व्याकरणाच्या दोन-तीन चुका तर मलाही दिसत होत्या. अक्कांनी एकीलाही हात लावला नाही. अगदी खाली, नाना लिहायचे तिथेच, त्यांनी लिहिलं... ‘बरोबर’.

गठ्ठा आता लायब्ररीत येतोय. उंदराचा शेरा मी खोडून टाकला. पण पाकिटावरचा पत्ता फार जुना; बाई असतील का, असल्या तर कुठे, काहीच माहीत नाही. जपानमध्ये कुणाची ओळखपाळख असेल तर मला इनबॉक्समध्ये नक्की सांगा... अक्कांनी उत्तर लिहून ठेवलंय, आणि पाकिटाचे चारही कोपरे शाबूत आहेत ना हे त्यांनी माझ्याकडून दोनदा तपासून घेतलंय.