भरल्या पोटाची बोटुकली

अहमदपूरच्या पुढे ट्रक थांबवून मी एक पिशवी उन्हात धरली. पाणी दुधासारखं गढूळ झालं होतं. मासे वर येऊन तोंड उघडत होते. औसा अजून दोन-अडीच तास लांब होतं.

लातूर जिल्हा नवा होता आणि मी तिथे मत्स्य खात्यात अधिकारी होते. जिल्ह्याला स्वतःचं मत्स्यबीज केंद्र नव्हतं. बीज नांदेडकडून, भोकरहून आणावं लागे. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. औशाजवळच्या एका तलावात थोडं पाणी टिकलं होतं आणि त्यावर भोई सोसायटीची वीस घरं जगत होती. त्यांना वर्षभरासाठी ट्रकमधला हा बोटुकलीचा एकच कोटा मंजूर होता.

बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी आणि बाकी ऑक्सिजन भरून तोंड बांधतात. त्याआधी पिल्लांना उपाशी ठेवतात. पोट भरलेलं असलं की ती पिशवीतच घाण करतात आणि पाणी विषारी होतं. मग ऑक्सिजनही कामाचा नाही.

भोकरच्या केंद्रावरचे जुने राखणदार किसनमामा सोबत होते.

"मामा, यांना काय घातलं?"

"काल कायबी न्हाई. तुमची चिठ्ठी होती ना."

"आणि आज?"

"पहाटं पेंड टाकली. लेकरं परगावी निघाली, बाई. दारातून उपाशी कसं धाडावं?"

ड्रायव्हर म्हणाला, "दहीभातबी बांधून द्यायचा, मामा!"

पाणी बदलायला हवं होतं. रस्त्याकडेच्या विहिरीचा तळ दिसत होता. हॉटेलवाल्याने दोन घागरी दिल्या. तिसरी मागितली तर म्हणाला, "माणसाला न्हाई बाई, अन् माशाला कुठून देऊ?" त्याचं बरोबर होतं. चाळीसपैकी चार पिशव्यांतली पिल्लं ड्रममध्ये काढली. मामा वाटभर हाताने पाणी ढवळत बसले.

औशाला सोसायटीचे चेअरमन नागनाथराव यांनी एकेक पिशवी उघडली.

"लई वास मारायलाय, बाई."

छत्तीस पिशव्यांतली मेलेली पिल्लं काठावरच ओतली. ड्रममधली निम्मी पिल्लं तलावात गेली.

"दुसरा कोटा कवा?"

"पुढच्या वर्षी."

"तवर तलाव राहतोय का?"

महिनाभरात सोसायटीची माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला गेली.

ऑफिसात साहेब म्हणाले, "अहवालात कारण 'अतिउष्णता' लिहा. दुष्काळात कोण विचारतंय?" मी 'पेंड' असं लिहिलं. मेमो मामांना आला. खरं तर चिठ्ठी माझी होती. 'आदल्या दिवशी खाद्य देऊ नये' एवढंच मी लिहिलं होतं आणि मामांनी ते तंतोतंत पाळलं होतं. का देऊ नये, हे लिहायला आणखी एक ओळ लागली असती.